फाइल मोठी, कान तेवढाच!

फक्त गाणी ऐकण्यासाठी वेगळा डिजिटल प्लेअर घ्यावा का? जाहिरातीत ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असे आकडे दिसले की मोह होतोच. पण त्यांचा अर्थ काय?

डिजिटल फाइलमध्ये आवाज नसतो, आकडे असतात. सीडीसाठी ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवले जाते. यालाच १६ बिट म्हणतात. हाय-रेझोल्यूशन फाइलमध्ये मोजमापे ९६,००० किंवा १,९२,००० असतात, तर पायऱ्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक.

प्लेअर आधी फाइल उलगडतो. ‘फ्लॅक’ फाइल घडी घातलेल्या कपड्यासारखी असते. जागा कमी लागते, पण एक धागाही कमी होत नाही. मग ‘डॅक’ नावाची चिप आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करते आणि ती लहर हेडफोनमध्ये ध्वनी होते.

जास्त मोजमापे म्हणजे लहर अधिक गुळगुळीत, हा मात्र गैरसमज आहे. मोजणीच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी वारंवारतेची लहर चिप पूर्ववत उभी करते. म्हणजे सीडीसाठी ही मर्यादा सुमारे २२,००० हर्ट्झ. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झ, आणि वयानुसार ती खाली येते. २४ बिटांचा खरा उपयोग स्टुडिओत, ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना होतो.

फरक अजिबात कळत नाही का? २०१६ मध्ये १८ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात श्रोत्यांची अचूकता सरासरी ५२.३ टक्के भरली. नाणे उडवूनही ५० टक्के उत्तरे बरोबर येतात! त्यातून अनेक फोन मोजणीचा वेग ४८,००० वर आणतात आणि ब्लूटूथ आवाज पुन्हा आकुंचित करते. मग महाग फाइलचा फायदा वाटेतच गळतो.

तेव्हा आधी मूळ ध्वनिमुद्रण आणि हेडफोन चांगले निवडा. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र चारच तास. प्लेअर बदलता येतो. कानातल्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.