पन्नास वर्षांच्या बोलीवर

लोरेनच्या जमिनीत लोहखनिज, रूरच्या पोटात कोळसा, आणि दोहोंच्या मध्ये फ्रान्स-जर्मनीची सरहद्द. पोलाद गाळायचे तर दोन्ही हवेत, म्हणून दोघांचाही डोळा पलीकडच्या जमिनीवर. १८७१ मध्ये जर्मनीने लोरेनचा उत्तर भाग घेतला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने तो परत मिळवला. १९२३ मध्ये युद्धाची नुकसानभरपाई थकली म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरमध्ये शिरल्या. १९४० मध्ये जर्मन फौजा पुन्हा लोरेनमध्ये आल्या. दर वेळी तोफा याच कोळशावर आणि याच पोलादातून घडत होत्या.

या भांडणावर उतारा म्हणून जी संस्था जन्माला आली, तिचे नाव युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदाय. आजच्या युरोपीय संघाची ही पहिली पायरी. पण पुढे मोठा वारस निघाला म्हणून पूर्वज विस्मरणात जावा, तसे या संस्थेचे झाले आहे. ते योग्य नाही. शेजारी राष्ट्रांना एकत्र कसे आणता येते, याचा सगळ्यात बारीक तपशील तिच्याच कारभारात सापडतो.

कल्पना झाँ मोने यांची. कोन्याक गावच्या ब्रँडी व्यापाऱ्याचा हा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून घरच्या धंद्यासाठी देशोदेशी फिरला. पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची मालवाहू जहाजे एका यंत्रणेखाली आणण्याच्या कामात तो होता. वेगवेगळ्या देशांचे अधिकारी एका टेबलाशी बसून एकाच हिशेबाने काम करू शकतात, हे त्याने तिथे पाहिले. १९५० मध्ये मोने फ्रान्सच्या नियोजन खात्याचे प्रमुख होते. मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी मसुदा लिहिला. फ्रान्स आणि जर्मनीचे सगळे कोळसा-पोलाद उत्पादन एका सामाईक सत्तेखाली ठेवायचे आणि इतर देशांनाही दार उघडे ठेवायचे, असा त्याचा गाभा होता.

मसुदा परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांच्या हाती पडला तेव्हा ते शनिवार-रविवारसाठी लोरेनमधल्या मेत्सजवळच्या घरी निघाले होते. सोमवारी परतले ते होकार घेऊनच. शूमान यांना हा प्रश्न नकाशावर पाहावा लागत नव्हता. जन्म लक्झेम्बर्गचा, शिक्षण जर्मन विद्यापीठांत, वकिली मेत्समध्ये. १९१८ पर्यंत ते जर्मन नागरिक होते, लोरेन फ्रान्सकडे आल्यावर फ्रेंच झाले. ९ मे रोजी सकाळी पॅरिसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना बॉनहून पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांची संमती पोहोचली आणि संध्याकाळी शूमान यांनी पत्रकारांपुढे निवेदन वाचले. घाई इतकी की छायाचित्रकारांना बोलवायचेही राहून गेले. पुढे फोटोसाठी तो प्रसंग नव्याने उभा करावा लागला.

ब्रिटनने नकार दिला. ॲटली सरकारने खाणींचे नुकतेच राष्ट्रीयीकरण केले होते आणि त्या परक्या मंडळाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेम्बर्ग मात्र आले. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये सहा देशांनी करारावर सह्या केल्या. कागद डच होता, शाई जर्मन, छपाई फ्रेंच. मुदत पन्नास वर्षांची.

ऑगस्ट १९५२ मध्ये लक्झेम्बर्गमध्ये कामाला सुरुवात झाली. कारभार नऊ जणांच्या उच्च प्राधिकरणाकडे होता. त्यातले आठ जण सरकारांनी नेमायचे आणि नववा त्या आठांनी निवडायचा. त्यांनी निवडला पॉल फिने हा बेल्जियन कामगार पुढारी. मोने अध्यक्ष झाले. आपापल्या देशाच्या सूचना घ्यायच्या नाहीत, हे सदस्यांवर करारानेच बंधन होते. जोडीला मंत्र्यांची परिषद, ७८ सदस्यांची सभा आणि सात न्यायाधीशांचे न्यायालय.

प्राधिकरणाला पैशासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर कंपन्यांकडून ते थेट कर वसूल करी. साधारण मर्यादा एक टक्का. राष्ट्रांच्या वर असलेल्या सत्तेने युरोपात बसवलेला हा पहिला कर. या पतीवरच १९५४ मध्ये अमेरिकेकडून दहा कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. वर्गणीवर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था एका सभासदाने हात आखडला की लंगडतात. या संस्थेला ती भीती नव्हती.

फेब्रुवारी १९५३ मध्ये कोळसा आणि लोहखनिजाची सामाईक बाजारपेठ खुली झाली, १ मे रोजी पोलादाची. जकात गेली, पण खरी अडचण रेल्वेच्या भाडेपत्रकात दडलेली होती. मालाचा प्रवास जितका लांब तितका किलोमीटरमागे दर कमी, हा रेल्वेचा नेहमीचा नियम. पण रूरहून लोरेनला निघालेली कोकची वाघीण सरहद्दीवर पोहोचली की जर्मन रेल्वेचा हिशेब तिथे संपे आणि फ्रेंच रेल्वे पहिल्या किलोमीटरपासून नवा हिशेब मांडी. माल चढवण्या-उतरवण्याचे शुल्क वेगळे लागे, वाघिणीतला एक ढेकूळही जागचे हललेले नसताना. जकात रद्द होऊनही सरहद्द अशी बिलात जिवंत राहिली होती. १९५५ मध्ये थेट दर लागू झाले आणि संपूर्ण प्रवास एकच धरला जाऊ लागला. शेजाऱ्यांमधल्या भिंती पुष्कळदा अशाच कारकुनी रकान्यांत असतात. मुत्सद्द्यांची भाषणे तिथवर पोहोचत नाहीत, तिथे दरपत्रक घेऊनच बसावे लागते.

न्यायालयाचीही परीक्षा लगेच झाली. छापील दरांपासून अडीच टक्क्यांपर्यंत फारकत घ्यायला प्राधिकरणाने कंपन्यांना मुभा दिली होती. त्याविरुद्ध फ्रेंच सरकार न्यायालयात गेले. डिसेंबर १९५४ मध्ये पहिलाच निकाल लागला तो प्राधिकरणाच्या विरोधात, आणि मुभा रद्द झाली. प्राधिकरणाने तो मानला. ज्या राष्ट्रांनी दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकले, ती आता पोलादाच्या दरावरून वकील उभे करत होती. या संस्थेची याहून मोठी कमाई सांगता येणार नाही.

खाणीतली माणसे या हिशेबात कुठे होती? ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेलच्या खाणीत पिंजऱ्यात नीट न बसलेल्या वाघिणीने तेलाची नळी आणि विजेच्या तारा तोडल्या. आग भडकली आणि २६२ कामगार मेले. त्यातले १३६ इटालियन होते. त्यानंतर समुदायाने खाण-सुरक्षेसाठी कायमचा आयोग नेमला. बंद पडणाऱ्या खाणींतल्या कामगारांना नवे काम शिकवण्याचा आणि मधल्या काळातल्या भत्त्याचा भार समुदाय आणि त्या-त्या देशाचे सरकार मिळून उचलत. कामगारांच्या घरबांधणीलाही कर्जे दिली गेली. एकीकरणात कोणाचे तरी नुकसान होणार, हे करारातच गृहीत धरून त्याची तरतूद केलेली होती.

अपयशही नोंदवले पाहिजे. पन्नाशीच्या दशकाअखेरीस स्वस्त तेल आणि अमेरिकन कोळसा आला, खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे ढीग लागले. १९५९ मध्ये प्राधिकरणाने उत्पादनावर मर्यादा घालण्यासाठी संकट जाहीर करण्याची परवानगी मागितली. मंत्रिपरिषदेने नाकारली. जो तो देश आपापल्या खाणी सावरू लागला. अधिकार कागदावर कितीही पक्के असोत, सरकारांनी पाठ फिरवली की ते वापरता येत नाहीत, हे तेव्हा दिसले. संकट जाहीर करण्याचे ते कलम पोलादासाठी अखेर १९८० मध्ये वापरले गेले.

तोवर गाडी पुढे गेली होती. याच सहा देशांच्या संयुक्त सैन्याची योजना १९५४ मध्ये फ्रेंच संसदेत बुडाली. तरी सहाच्या सहा देश १९५५ मध्ये मेसिनाला पुन्हा बसले, आणि मार्च १९५७ मध्ये हे एकीकरण सगळ्या अर्थव्यवस्थेकडे नेणारा रोम करार झाला. १९६७ मध्ये उच्च प्राधिकरण युरोपीय आयोगात विलीन झाले. सभेची संसद झाली. न्यायालय लक्झेम्बर्गमध्येच राहिले आणि आज संघाचे सर्वोच्च न्यायालय आहे. शूमान यांच्या निवेदनाचा ९ मे हा दिवस युरोप दिन म्हणून पाळला जातो.

एक जिन्नस निवडणे, त्यावर खरी सत्ता देणे, तिला स्वतःचा पैसा आणि न्यायालय देणे, आणि ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांची सोय आधी लावणे: या चार गोष्टींवर ही संस्था उभी राहिली. प्रादेशिक सहकार्याच्या ज्या घोषणा कागदावरच राहतात, त्यांत या चारांपैकी एखादी तरी गाळलेली असते.

२३ जुलै २००२ रोजी ठरल्याप्रमाणे मुदत भरली आणि करार संपला. शिल्लक राहिलेल्या सुमारे १.६ अब्ज युरोंचा कोळसा आणि पोलाद संशोधन निधी करण्यात आला आणि त्यातून या दोन उद्योगांतल्या संशोधनाला अनुदान दिले जाऊ लागले.