उलटा पंख

आपल्या हॉस्टेलमध्ये अशी एकही विंग नसेल (बिल्डिंगची विंग म्हणतेय!) जिथे एखाद्या रूमच्या दारावर स्पोर्ट्स कारचं पोस्टर नाही. त्या गाडीच्या शेपटीवर इस्त्रीच्या टेबलासारखी एक आडवी फळी असते. ती कशासाठी, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "स्टाइल!" एखादा हुशार "डाउनफोर्ससाठी" असं म्हणतो आणि पुढचा प्रश्न आला की चहा प्यायला निघून जातो. हा लेख त्या हुशारासाठी. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे जिथे शास्त्रीय मराठी शब्द सुचला नाही तिथे सरळ इंग्रजी ठोकून दिलाय. मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं.

कोकणात घरांच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले तुम्ही पाहिले असतील. वादळात पत्रा उडतो, कारण छपरावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब घराच्या आतल्या दाबापेक्षा कमी होतो. बर्नुलीसाहेब! गाडीचंही तेच. बाजूने बघितलं तर साधी कार म्हणजे वर फुगीर आणि खाली सपाट, जवळजवळ विमानाच्या पंखासारखीच. वेगात गेली की टपावरची हवा तिला वर ओढते. हा लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ४० च्या स्पीडला तो कुणाच्या लक्षात येत नाही. २०० ला मात्र मागची चाकं हलकी होतात.

यावर दोन उपाय आहेत आणि लोक त्यांची नावं सर्रास अदलाबदल करतात. स्पॉयलर बॉडीला चिकटून असतो आणि टपावरून घसरत येणाऱ्या हवेचा प्रवाह 'स्पॉइल' करून लिफ्ट कमी करतो. पोर्शेच्या १९७३ मॉडेलच्या ९११ कॅरेरा आरएसची बदकाच्या शेपटीसारखी मागची कड हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. विंगच्या वर आणि खाली, दोन्हीकडून मोकळी हवा वाहते. विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून बसवलेला. बऱ्याच जणांना वाटतं हवा वरून फळीला दाबते. खरं जास्त काम खालची बाजू करते. खालून हवा जोरात जाते, दाब पडतो आणि विंग खाली ओढली जाते. (वरचा आणि खालचा कण एकाच वेळी मागे पोचले पाहिजेत, असं काही पुस्तकांत असतं. तसा कुठलाही नियम नाही.) न्यूटनच्या भाषेत सांगायचं तर विंग हवेला वर फेकते, हवा विंगला खाली ढकलते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भानगड कशाला, पत्र्यासारखे डिकीत चार दगड टाकावेत! इथे खरी गंमत आहे. वळणावर टायरची पकड म्हणजे म्यू गुणिले टायरवरचा भार. वजन वाढवलं की पकड वाढते, पण गाडीला वळवायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. समीकरणातून वस्तुमान चक्क उडून जातं. २०० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, म्यू १ धरा, तर १ टनाची गाडी असो वा ५ टनांची, जास्तीत जास्त वेग येतो सुमारे १५९ किलोमीटर. विंग म्हणजे वजन नसलेला दगड! टायरवरचा भार वाढतो, वस्तुमान तेवढंच राहतं. ७५० किलोची रेसिंग कार घ्या आणि तिचा लिफ्ट कोएफिशंट गुणिले क्षेत्रफळ ३ धरा (विंगा आणि बाकीची बॉडी मिळून). त्याच वळणावर उत्तर येतं सुमारे २२१! भार वाढला की म्यू थोडा घसरतो, ते मी इथे सोडून दिलंय, पण अंदाज यायला एवढं पुरे.

ही गोष्ट अमेरिकेत टेक्सासच्या जिम हॉलने फार लवकर ओळखली. तो स्वतः इंजिनिअर आणि ड्रायव्हरही. १९६६ साली त्याची चॅपरल २ई कॅन-ॲम शर्यतीत उतरली ती मागे दोन उंच खांबांवर विंग घेऊन. हे खांब बॉडीला नव्हते, थेट मागच्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेले होते, म्हणजे भार स्प्रिंग न दाबता सरळ टायरवर. शिवाय गाडीला क्लच पेडल नव्हतं, त्यामुळे डावा पाय रिकामा. हॉलने त्या पायाला काम दिलं. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की विंग आडवी होऊन ड्रॅग कमी, पाय काढला की पुन्हा तिरपी. मला विचाराल तर ऑटोमोबाईलच्या इतिहासातली ही सगळ्यात देखणी आयडिया आहे. लगुना सेकाच्या शर्यतीत त्या वर्षी फिल हिल पहिला आला आणि दुसरा खुद्द हॉल. फॉर्म्युला वनने २०२६ च्या नियमांत सरळ रस्त्यावर पुढच्या-मागच्या विंगा सपाट करायची सोय दिली, म्हणजे साठ वर्षांनी!

पण मधल्या काळात जे झालं तेही सांगायला हवं. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर विंगा आल्या आणि बघता बघता उंच होत गेल्या, कारण वरची हवा स्वच्छ असते. खांब मात्र काटकुळे. ते सस्पेन्शनला जोडलेले, म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका त्यांना बसणार. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या मॉन्टज्युइक सर्किटवर स्पॅनिश ग्रां प्री होती. तिथे एक चढाव होता, त्याच्या माथ्यावर गाडी क्षणभर हलकी व्हायची आणि लगेच पुन्हा खाली बसायची. ग्रॅहॅम हिलच्या लोटसची विंग तिथे मोडली आणि गाडी बॅरिअरवर गेली. थोड्या वेळाने त्याच टीमच्या योखेन रिंटची विंग जवळजवळ त्याच जागी मोडली आणि त्याची गाडी हिलच्या पडलेल्या गाडीवर जाऊन आदळली. हिल वाचला, रिंट जखमी झाला. वरचे दोन आकडे आठवा. २२१ ने वळणात असताना विंग गेली, की त्याच क्षणी टायर फक्त १५९ पुरतेच उरतात. ड्रायव्हर कितीही मोठा असो, त्याच्या हातात काही राहत नाही. दोनच आठवड्यांनी मोनॅकोत, पहिल्या सरावानंतर, उंच विंगांवर बंदी आली. पुढे विंगा परत आल्या त्या बुटक्या आणि बॉडीला पक्क्या जोडलेल्या.

हे सगळं रेसिंगवाल्यांचं, असं समजू नका. १९९८ मध्ये ऑडीची टीटी बाजारात आली. गोल टप, गोल शेपूट, दिसायला अप्रतिम, आणि मागे विंग-स्पॉयलर काहीही नाही. जर्मनीच्या ऑटोबानवर भरधाव वेगात लेन बदलताना किंवा वळणात तिची मागची बाजू सुटायला लागली. अपघात झाले, माणसं गेली. शेवटी कंपनीने गाड्या परत बोलावून डिकीच्या कडेवर छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी दिलं. डिझायनर लोकांना तो स्पॉयलर म्हणे आवडत नाही. मला आवडतो.

आता आपल्याकडच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारी फायबरची विंग. तिचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आणि लिफ्ट कोएफिशंट १ धरू (हे फारच उदार मनाने!). ६० च्या स्पीडला डाउनफोर्स येतो साडेआठ किलो, १०० ला साधारण २४ किलो, आणि हॉस्टेलसमोरच्या रस्त्यावर ३० ला २ किलो, म्हणजे त्या विंगच्या स्वतःच्या वजनाइतकाही नाही. शिवाय आपल्या बहुतेक छोट्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. विंग मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे झोपाळ्याच्या फळीसारखं मागे दाबलं की पुढे उचलणार. व्हीलबेस २.४ मीटर आणि विंग ॲक्सलच्या ०.६ मीटर मागे असेल, तर डाउनफोर्सच्या पाव हिश्शाइतका भार पुढच्या चाकांवरून कमी होतो. म्हणजे १०० ला ६ किलो. तेवढ्याने काही गाडी उलटत नाही. पण इंजिन ज्यांना फिरवतं आणि स्टिअरिंग ज्यांना वळवतं, नेमक्या त्याच चाकांची पकड आपण पैसे देऊन कमी केली!

आणि ती विंग बहुतेकदा डिकीच्या पातळ पत्र्याला चार सेल्फ-टॅपिंग स्क्रूंनी बसवलेली असते. आपल्या खड्ड्यांत हे स्क्रू ढिले होतात. ज्याला बसवायचीच आहे त्याने आतून मोठे वॉशर आणि नायलॉक नट घालावेत आणि महिन्यातून एकदा हाताने हलवून बघावी, कारण ती सुटली तर मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या अंगावर जाणार आहे.