रक्तातले जंतू आणि औषधाची धार

अकोल्यातल्या औषधदुकानात कुणी सर्दीसाठी प्रतिजैविक मागितले की मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या 39 गावांत गावच्याच बायांना शिकवले : तान्हे दूध ओढेनासे झाले, अंग टाकू लागले, तर जंतुदोष ओळखायचा, जेंटामायसिन टोचायचे. 1999 च्या ‘लॅन्सेट’मधील अहवालानुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. मात्र 2016 साली दिल्लीच्या तीन रुग्णालयांतील अभ्यासात नवजातांमध्ये सापडलेले सुमारे 82 टक्के असिनेटोबॅक्टर जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते. औषधाने दुबळे जंतू मरतात. चिवट उरतात, वाढतात. सर्दी विषाणूंची, तिला या गोळीचा उपयोग नाही. बोथट होते ती पाळण्यातल्या बाळाच्या औषधाची धार.