पोराला कोणत्या अंगणवाडीत घालावे?



गटात फिरताना ऊस बघून झाला, चहाला बसलो की हटकून विचारणा होते, "साहेब, गावात दोन अंगणवाड्या. पोराला कुठं घालू?" आम्ही म्हणतो, बेणे घेताना मळ्याची पाटी बघता का डोळा? इथेही तसेच.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्या अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना आहार, आरोग्य तपासणी व खेळातून शिक्षण मोफत मिळते. योजना एकच, पण चालवणे निरनिराळे.

म्हणून न सांगता दोन्हीकडे सकाळी चक्कर मारावी. वेळेवर उघडते का? आहार ताजा असतो का? वजन घेऊन नोंदतात का? पाणी, संडास स्वच्छ आहे का? आणि मुख्य म्हणजे, ताई मुलांशी बोलतात का, मुले गाणी-गोष्टींत रमतात का?

तीन वर्षांच्या पोराने बाराखडी गिरवली म्हणून हुरळू नये. बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल देणे म्हणजे उगवणीआधीच बांधणी करण्यासारखे.

दोन्हीकडे उणे दिसले तर पालकांनी मिळून पर्यवेक्षिकांना भेटावे. लावणीतले नांगे वेळेवरच भरावे लागतात. मागाहून कितीही खत टाकले तरी ते भरून निघत नाहीत.