रडू आलं म्हणून पोरगं कच्चं ठरत नाही

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटली की सगळेच पाय घराकडे वळतात असं नाही. फौंड्रीत, मशिनशॉपमध्ये, कापडाच्या कारखान्यात दिवसभर उभी राहिलेली पोरं संध्याकाळी कुणी कराटेला जातात, कुणी किकबॉक्सिंगला, कुणी तालमीत. अंगातल्या रगीचं कौतुक या मुलखाला भारी. पण समोरासमोरच्या सरावात, म्हणजे स्पॅरिंगमध्ये, रडू फुटलं, हात उचलेनासे झाले किंवा डोकंच फिरलं, तर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पोरगं गुपचूप ग्लोव्हज काढतं आणि पुढच्या आठवड्यापासून यायचं बंद होतं. यातले बरेच जण केवळ लाजेपोटी खेळ सोडतात, आणि ती लाज गैरसमजातून आलेली असते.

गैरसमज : रडला, म्हणजे कच्चा आहे

नाकावर ठोसा बसला की डोळ्यांतून पाणी येतं, ते कितीही कसलेल्या गड्याच्या येतं. नाक आणि डोळे यांच्या संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू एकच आहे. नाकाला मार बसताच अश्रुग्रंथी आपोआप स्रवते, त्यात भावनेचा संबंध नसतो.

दुसरं रडू वेगळं. फेरी संपते, कोपऱ्यात बसल्यावर अचानक हुंदका येतो. झटापटीत शरीराने अॅड्रेनलिन ओतलेलं असतं, हृदय धावत असतं, स्नायू ताणलेले असतात. धोका टळला की हा ताण उतरू लागतो. काहींचे हात थरथरतात, काहींना हसू येतं, काहींना रडू. हा उतार काही मिनिटांचा असतो. माइक टायसनसारखा पुढे जगज्जेता झालेला मुष्टियोद्धा 1982च्या ज्युनियर ऑलिम्पिक्समध्ये लढतीआधी प्रशिक्षकाच्या खांद्यावर रडताना चित्रफितीत दिसतो. त्यानंतर तो आत जाऊन लढला आणि जिंकलाही.

गैरसमज : हातपाय गोठले, म्हणजे भित्रा

लढा किंवा पळा या दोनच प्रतिक्रिया आपल्याला ठाऊक असतात. जागच्या जागी थिजणं ही तितकीच जुनी, तितकीच नैसर्गिक तिसरी प्रतिक्रिया आहे. माणूस ती ठरवून करत नाही. भार जास्त झाला की मोटर ट्रिप होते, तसंच हे. ट्रिप झालेल्या मोटरला कुणी शिव्या घालत नाही, भार कमी करून पुन्हा चालू करतात.

थिजलेल्या माणसाकडे जवळून पाहा. खांदे कानांपर्यंत चढलेले, दातांत माउथगार्ड आवळलेला, नजर समोरच्याच्या एका ग्लोव्हवर खिळलेली आणि श्वास कोंडलेला. काहींचं उलटं होतं. फेरी सुरू व्हायच्या आधीच, उभ्या उभ्या, ते भराभर श्वास घेतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, चक्कर येते आणि आपल्याला काहीतरी भयंकर होतंय असं वाटून भीती दुप्पट होते. दोन्हींवर उपाय श्वास सोडण्यात आहे. फेरीआधी श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन सोडायचा, आणि फेरीत प्रत्येक ठोशाबरोबर तोंडाने आवाज करत सोडायचा. कराटेतली किआई ही आरोळी निव्वळ दरारा बसवण्यासाठी नसते. ती ओरडताना श्वास कोंडून ठेवताच येत नाही.

गैरसमज : पहिल्याच दिवशी चांगला बुकलून काढा, भीती मोडते

हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो प्रेमाने सांगितला जातो. भीती मोडते ती सोसवेल एवढ्या मात्रेत तिच्याशी पुन्हा पुन्हा भेट झाल्याने. आवाक्याबाहेरचा मार बसला, तर मेंदू उलटाच धडा शिकतो : ही जागा धोक्याची, इथे येऊ नये.

आपल्या तालमींना हे कधीच कळलेलं आहे. चांगला वस्ताद नवख्या पोराची जोड समवयस्क दांडगटाशी लावत नाही. तो त्याला एखाद्या मुरलेल्या पैलवानाच्या हाती देतो, आणि तो पैलवान पोराला खेळवतो. खडाखडी करू देतो, पट काढू देतो, मधूनच पडून दाखवतो. पोराचा जीव दमतो पण धास्तावत नाही. स्पॅरिंगमध्येही हेच हवं. आधी फक्त पावलं आणि अंतर, मग एकाने मारायचं आणि दुसऱ्याने अडवायचं, मग हलक्या हाताने दोघांनी, आणि पूर्ण ताकद अगदी शेवटी. थांबण्याची खूण सुरुवातीलाच ठरलेली असावी. ज्यूदोत हाताने थापटलं की पकड तत्काळ सुटते, आणि कुणी कारण विचारत नाही.

विश्रांती मागण्यातही कमीपणा नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांना 1952मध्ये हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी उतरावं लागलं. त्यांच्या बाजूने वेळ मागायला कुणी भारतीय अधिकारी तिथे नव्हता. कांस्यपदकावर समाधान मानावं लागलेला तो पैलवान काही मनाचा दुबळा नव्हता. रात्रपाळी करून, अपुऱ्या झोपेवर आलेल्या कामगाराचं भावनांवरचं नियंत्रण ढिलं पडतंच. त्या दिवशी त्याने बॅग, दोरी एवढ्यावर थांबावं.

गैरसमज : साहेबाचा राग बॅगवर काढला की मन हलकं होतं

सुपरवायझरशी वाजलं, आता बॅगवर त्याचं तोंड बघून हाणतो, असं म्हणणारे खूप. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात ब्रॅड बुशमन यांनी 2002मध्ये हेच तपासलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी, चिडवणाऱ्याचा विचार करत बॅग बडवली. त्यांचाच राग सर्वांत जास्त उरला. नुसते शांत बसलेले त्यांच्याहून निवळले. 2024मध्ये 154 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही शरीराचा जोश उतरवणाऱ्या गोष्टींनीच राग कमी होतो असं दिसलं. यात श्वसन आणि ध्यान आलं. म्हणून भांडून आला असाल तर त्या दिवशी जोडीदारासमोर उभे राहू नका. तुमचा राग त्याच्या बरगडीवर निघेल.

गैरसमज : हेल्मेट होतं, म्हणजे डोक्याला काही झालं नाही

इथे मात्र रडण्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. हेल्मेटमुळे कातडी फाटत नाही, पण कवटीतला मेंदूचा हिसका त्याने टळत नाही. डोक्याला मार बसल्यावर एरवी शांत असलेला माणूस कारण नसता रडू लागला, चिडचिडा झाला, तेच तेच विचारू लागला, तर ती मेंदूला धक्का बसल्याची खूण असू शकते. त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नये, घरी एकटं आणि मोटारसायकलवरून तर अजिबात पाठवू नये, आणि डॉक्टरांना दाखवावं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जागं राहता न येणं यांपैकी काही दिसलं तर थेट कोल्हापूरचं सीपीआर किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

आणखी एक गोष्ट हलक्या आवाजात बोलली जाते, ती मी मोठ्याने सांगतो. लहानपणी घरात मार खाल्लेल्या किंवा अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला खाली दाबलं गेलं की तो जुना प्रसंग पुन्हा अंगावर येऊ शकतो. हिंमत कमी असल्याचं ते लक्षण नाही. वस्तादांनी, सरांनी अशा वेळी चारचौघांत खोदून विचारू नये. सराव थांबवावा, पाणी द्यावं, आणि पुढे कोणता सराव करायचा आणि कोणता नाही, हे त्या व्यक्तीला ठरवू द्यावं. झोप उडाली, प्रसंग डोळ्यांसमोरून हलेनासा झाला, तर टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. वर्ग चालवणाऱ्यांनी हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.