गाडीचा ब्रेक कसा दुरुस्त करतात

आमच्या काकांची जुनी चारचाकी गाडी आहे. दिवाळीच्या सुटीत आम्हाला तिच्यातून मामाच्या गावी जायचे होते. मामाचे गाव चाळीसगावकडे आहे. कन्नडहून तिकडे जाताना औट्रम घाट लागतो. घाटात वळणे फार आणि एका अंगाला खोल दरी.

सुटीच्या आधी काका बाजारातून आले आणि म्हणाले, "गाडी डावीकडे ओढतीय." आम्ही पुढच्या डाव्या चाकाजवळ गेलो तर तिथून गरम धग येत होती आणि जळका वास सुटला होता. आजी म्हणाली, "घाट उतरायचाय. आधी ब्रेक बघ, मगच पोरं गाडीत बसव." काका पूर्वी शहरात मिस्त्रीच्या हाताखाली कामाला होते, म्हणून त्यांनी घरीच काम काढले. मी शेजारी बसून सगळे पाहिले. ते तुम्हाला सांगते.

सायकलचा ब्रेक दाबला की दोन रबरं रिंगला दोन्हीकडून धरतात. गाडीतही तसेच आहे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, तिला डिस्क म्हणतात. डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या दोन पट्ट्यांना ब्रेक पॅड म्हणतात. पॅड ज्याच्यात बसतात ते कॅलिपर. कॅलिपरमध्ये वाटीसारखा एक पिस्टन असतो, तो पॅडला ढकलतो.

मग पिस्टनला कोण ढकलते? सायकलला तार असते, गाडीला ब्रेक ऑईल असते. आमच्या गुरुजींनी वर्गात दोन सिरिंज नळीने जोडून पाणी भरले होते. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंज वर सरकायची. जाड सिरिंजचे तोंड चौपट असेल तर जोरही चौपट मिळतो, पण ती पाव पटच सरकते. हा नियम ब्लेझ पास्कल यांनी मांडला. ते १६२३ साली फ्रान्स देशात जन्मले. पायाने पेडल दाबले की ऑईल असेच पिस्टनला ढकलते. म्हणून माणसाच्या पायाने एवढी जड गाडी थांबते.

काकांनी गाडी सपाट जागी लावली. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक चढवून खाली लोखंडी स्टँड ठेवले. नुसत्या जॅकवर कधीच भरवसा ठेवायचा नाही. चाक काढून पॅड काढले. पॅडची धूळ फुंकायची नाही, ती छातीत जाते. काकांनी ती ओल्या फडक्याने पुसली. मग कॅलिपरमध्ये लाकडाचा तुकडा धरला आणि काकूने हळूहळू पेडल दाबले. पिस्टन कुरकुरत बाहेर आला. मग पाइप सोडवून कॅलिपर ओसरीवर आणले.

पाहतो तर काय, पिस्टनवरचे धुळीचे रबर फाटलेले! त्यातून पावसाचे पाणी आणि चिखल आत गेला होता. पिस्टन गंजून अडकला होता. पाय काढला तरी तो मागे येत नव्हता, पॅड डिस्कला घासतच राहायचे. म्हणून चाक तापत होते. गंजाने पिस्टनला खड्डे पडले होते, म्हणून काकांनी नवा आणला. बरोबर रबराचे किटही आणले.

मला वाटले आपण मदत करावी. मी नवे रबर डिझेलच्या डब्यात बुडवणार तोच काका ओरडले, "अगं थांब!" डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑईल लागले की ते रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. त्याला ताजे ब्रेक ऑईलच लावायचे. डॉट ३ की डॉट ४, ते झाकणावर लिहिलेले असते.

ह्या रबराची एक गंमत आहे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि रबर थोडे वाकते. पाय काढला की रबर सरळ होते आणि पिस्टनला मागे ओढते. तिथे स्प्रिंग नसतेच! बांगडीएवढे रबर हे काम करते.

शेवटी हवा काढायची असते. ऑईल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. आत हवा राहिली तर पेडल मऊ लागते आणि ब्रेक लागत नाही. काकूने पेडल दाबायचे, काकांनी निपल सैल करून पुन्हा आवळायचे, मग काकूने पाय सोडायचा. माझे काम होते वरच्या डबीत ऑईल कमी झाले की सांगायचे. पण दारात शेळी आली आणि मी तिकडे बघत बसले. डबीतले ऑईल संपले आणि पाइपात हवा गेली. पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हेच घाटात कळलं असतं तर?" मला रडूच आले. मग मी डबीवरून नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी उजव्या चाकाचेही किट बदलले. एकच बाजू केली तर गाडी पुन्हा एकीकडे ओढू शकते. मग काकांनी रिकामी गाडी हळू चालवून चार वेळा थांबवली. चाकाजवळ हात नेला तर सारखेच कोमट.

घाट उतरताना काकांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली. सारखा ब्रेक दाबला तर ऑईल उकळते, त्याची वाफ होते आणि ब्रेक जातो. आजी पुढे बसली होती. घाट संपल्यावर तिने हात जोडले, आणि मग काकांच्या पाठीवर थाप मारली.

आपल्याच जिल्ह्यात वाळूजला गाड्या बनतात. बजाज ऑटोचा तिथला कारखाना १९८५ साली सुरू झाला. मोठेपणी मला तो पाहायचा आहे.

मित्रांनो, ब्रेकचे काम जाणत्या माणसाशिवाय करू नका. आणि एखादे काम सांगितले असेल तर शेळीकडे बघू नका.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी