कांद्यावरील पिवळ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग व त्याचे निवारण

नाशिक, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत कांदा खरीप, रांगडा व रब्बी अशा तिन्ही हंगामांत घेतला जातो. त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ शिवारात कोठे ना कोठे हिरवा कांदा उभा असतो, व एका हंगामातील रोग पुढील हंगामास सहज पोचतो. पिवळ्या ठिपक्यांचा रोग हा अशांपैकी विशेष हानिकारक होय. तो आयरिस यलो स्पॉट या विषाणूमुळे होतो. भारतात कांद्यावरील त्याची पहिली नोंद २००६ साली जालना व नाशिक भागांतून प्रसिद्ध झाली.

लक्षणे : पातीवर व डोंगळ्याच्या दांड्यावर फिकट पिवळे, दोन्ही टोकांस निमुळते चट्टे पडतात. चट्ट्यांनी दांड्यास वेढले म्हणजे तो मोडतो व बी भरत नाही. पात वाळल्याने कांदा पोसत नाही. पुष्कळदा हा करपा समजून बुरशीनाशके फवारली जातात. करप्याच्या चट्ट्यास जांभळट छटा येते. या रोगात ती नसते. बुरशीनाशकाने विषाणू मरत नाही; खर्च मात्र वाया जातो.

प्रसार : हा विषाणू बियांतून नव्हे, तर फुलकिड्यांमार्फत पसरतो. फुलकिड्याच्या पिलाने रोगट झाडाचा रस शोषला म्हणजे विषाणू त्याच्या शरीरात शिरतो, व तोच कीटक प्रौढ झाल्यावर मरेपर्यंत निरोगी झाडांना रोग देत राहतो. परंतु त्याच्या अंड्यांत विषाणू उतरत नाही. प्रत्येक नव्या पिढीस तो रोगट झाडावरूनच घ्यावा लागतो. निवारणाचे मर्म येथेच आहे.

उपाय :
१. काढणीनंतर शेतात व बांधावर उगवलेले कांदे उपटून नष्ट करावेत.
२. रोपवाटिका व नवी लागवड डोंगळ्याच्या व जुन्या कांद्याच्या शेतापासून दूर करावी.
३. लागवडीपूर्वी किमान ३० दिवस आधी शेताभोवती मक्याच्या दोन ओळी पेराव्यात.
४. पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये. तुषार सिंचनाने फुलकिडे कमी होतात.
५. मधली पात उकलून फुलकिडे मोजावेत. दर झाडी सरासरी ३० आढळल्यास शिफारस केलेले कीटकनाशक फवारावे. एकच औषध पुनःपुन्हा वापरू नये.

फुलकिडे वाऱ्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. म्हणून एकट्या शेतकऱ्याची दक्षता पुरेशी नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना एकत्र करून, पहिला उपाय सर्व शिवारात एकाच वेळी अमलात आणवावा. त्यास पैसा लागत नाही, व लाभ मात्र साऱ्या गावास होतो.